पाय बदलून मामा बदलत नाही

या वेळचं पत्र कराड भागातून आलंय. थोडं कापून देते. सोबत कादंबरीची सहा प्रकरणंही आलीयत, तीही वाचली.

‘सप्रेम नमस्कार. मी दूध संकलन केंद्रावर नोकरी करतो आणि रात्री कादंबरी लिहितो. विषय आमच्याकडचाच : गावची विकास सोसायटी, तिची निवडणूक आणि पाटलांच्या घरातली भाऊबंदकी. खलनायक आहे शंकरमामा, सोसायटीचा सचिव. बहीण पाटलांच्या घरात दिलेली. भाच्याला चेअरमन करायचं म्हणून तो भाच्याच्या चुलतभावांना देशोधडीला लावतो. खरं सांगायचं तर हा माणूस मला शकुनीवरून सुचला. लॉकडाऊनमध्ये दूरदर्शननं जुनी महाभारत मालिका पुन्हा दाखवली तेव्हा त्याच्यावरून नजर हलत नव्हती. पण आता पंचाईत झालीय. मित्रांना सहा प्रकरणं वाचून दाखवायला बसलो, तर तिसऱ्याच पानाला एक जण म्हणाला, “अरे, हा तर शकुनी!” तेव्हापासून सगळे त्याला शकुनीच म्हणतात. मग मी बदल केले. आधी तो उजव्या पायानं लंगडायचा, आता डाव्या पायानं लंगडतो. फाशांऐवजी तीनपत्ती घातली. बहीण आंधळी नको म्हणून तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन करून काळा चष्मा दिला. मित्र परत हसले. एक म्हणतो, हा मामाच काढून टाक, नवा खलनायक घे. पण मला मामा सोडवत नाही. काय करू? आणि यावरून कुणी केस वगैरे करू शकतं का? – फासे पडेनात.’

प्रिय ‘फासे पडेनात’,

मोतीबिंदूच्या ऑपरेशनपर्यंत आले आणि मीही हसले. राग मानू नका. तुमच्या मित्रांसारखी हसले नाही, कारण तो काळा चष्मा मला फार आवडलाय. त्याच्याकडे शेवटी येते.

मामा काढून टाकायचा नाही, हे आधीच सांगून टाकते. दोन वर्षं जो माणूस तुमच्या रात्री खातोय त्याला हाकलून दुसरा आणलात, तरी तोही चार दिवसांनी लंगडायला लागेल. पण तुम्ही केलेले बदलही फुकट आहेत. उजवा पाय डावा करणं म्हणजे उसन्या शर्टाची बटणं बदलून तो आपला म्हणून घालणं. शिवाय वाचक पायाकडेच बघत राहतो, कारण लेखकच पायाकडे बघतोय.

एक विचारू? तुमचा शकुनी नक्की कुठला?

तुम्ही पाहिलात तो गुफी पेंटल यांचा. १९८८ ते १९९० या काळात रविवारी सकाळी घराघरांत येऊन बसलेला, लंगडणारा, एक डोळा बारीक करणारा, हातात फासे घोळवणारा. त्या कामाची ताकद अशी की आपल्या डोक्यातले बाकी सगळे शकुनी त्यानं पुसून टाकले. पण व्यासांच्या महाभारतात शकुनी लंगडत नाही. शकुनीच्या बापाला, सुबलाला, आणि त्याच्या मुलांना कौरवांनी तुरुंगात उपाशी मारलं, बापाच्या हाडांचे फासे शकुनीनं केले, सूड म्हणून कुरुकुळ बुडवायची शपथ घेतली, ही सगळी नंतरच्या लोककथांची भर. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं १९१९ ते १९६६ अशी जवळजवळ पन्नास वर्षं खपून, १,२५९ हस्तलिखितं ताडून जी चिकित्सक आवृत्ती काढली, तिच्यात ही सूडकथा नाही. उलट सभापर्वात राजसूय यज्ञाला आलेल्या राजांची नावं दिलीत त्यांत शकुनीबरोबर त्याचा बाप सुबलही आहे. चांगला जिवंत, पाहुणा म्हणून आलेला.

आणखी पुढे जा. आदिपर्वात शकुनी बहिणीला घेऊन हस्तिनापूरला येतो, तिचं लग्न लावून देतो आणि आपल्या गावी परत जातो. वनपर्वात तर मजाच आहे. घोषयात्रेत, म्हणजे गाईगुरं बघायच्या निमित्तानं काढलेल्या सहलीत, गंधर्व दुर्योधनाला बांधून नेतात, पांडव त्याला सोडवतात, आणि त्या अपमानानं तो अन्नपाणी सोडून मरायला बसतो. तेव्हा हा कपटी मामा त्याला सांगतो, पांडवांचं राज्य पांडवांना देऊन टाक, त्यांच्याशी भावासारखा वाग, सुखी होशील. कुरुकुळाचं वाटोळं करायला निघालेला माणूस असं बोलेल का? आणि अठराव्या दिवशी सहदेव आधी उलूकाला मारतो. उलूक म्हणजे शकुनीचा मुलगा. बापाच्या डोळ्यांदेखत मारतो. शकुनीचा गळा दाटून येतो, त्याला विदुराचे शब्द आठवतात, आणि मग तोही सहदेवाच्याच हातून जातो.

पांडित्य मिरवायला नाही सांगत. शकुनी एक नाही, एवढंच दाखवायचंय. व्यासांच्या शकुनीला इतकं पाप करायला पुरेसं कारण नाही, असं लोकांना वाटलं. त्यांनी त्याला बापाची हाडं दिली. मालिकेला डोळ्यांना दिसेल असं काही हवं होतं. तिनं त्याला पाय दिला. ज्याला जे कमी वाटलं ते त्यानं घातलं, आणि म्हणूनच प्रत्येकाचा शकुनी त्याचा स्वतःचा झाला. तुम्ही मात्र सगळ्यात शेवटी आलेल्या माणसानं जे घातलं तेवढंच उचललंत, आणि आता ते झाकायच्या मागे लागलायत. तुमची भर कुठे आहे?

ती सापडायची तर आधी हे बघा की त्याच्यातलं नक्की काय तुम्हाला धरून बसलंय. हसणं? डोळा? मला नाही वाटत. माझा अंदाज सांगते, चुकला तर सोडून द्या. सभापर्वात दुर्योधन इंद्रप्रस्थाचं वैभव बघून जळत परत येतो. शकुनी आधी त्याला समजावतो, पांडवांचा हेवा करू नकोस. मग म्हणतो, लढून ते काही हरायचे नाहीत. आणि मग असं काही सांगतो की पुढचं सगळं महाभारत तिथून घडतं : युधिष्ठिराला द्यूत आवडतं पण खेळता येत नाही, आणि बोलावणं आलं तर त्याला नाही म्हणता येणार नाही.

माझ्या लेखी शकुनी म्हणजे एवढंच. समोरच्याची हौस कुठे संपते, अब्रू कुठे सुरू होते आणि मध्ये बोट घालायला किती फट आहे, हे त्याला त्या माणसापेक्षा जास्त ठाऊक आहे. फासे त्याचं अवजार. अवजार माणसाच्या धंद्याप्रमाणे बदलतं.

आता तुमचा सचिव. सहा प्रकरणांत मी त्याला एकदाही सचिवाचं काम करताना बघितलं नाही. तो पत्ते खेळतो, पारावर बसतो, खोकल्यासारखं हसतो. अहो, विकास सोसायटीच्या सचिवाला पत्ते कशाला हवेत? त्याच्याकडे मार्च महिना आहे!

शहरातल्या वाचकांसाठी दोन शब्द. शेतकरी सोसायटीकडून पीककर्ज घेतो, पैसा असतो जिल्हा बँकेचा. मार्चअखेर जुनं कर्ज भरायचं आणि लगेच नवं उचलायचं. हातात रोकड नसली तर बाहेरून चार-आठ दिवसांसाठी पैसे घ्यायचे, सोसायटीत भरायचे, नवं कर्ज मिळालं की त्यातून बाहेरचे फेडायचे. याला गावात ‘नवं-जुनं करणं’ म्हणतात. त्या चार-आठ दिवसांचं व्याज कुणाच्या तरी खिशात जातं. तारीख हुकली तर माणूस थकबाकीदार होतो, व्याजाची सवलत जाते, आणि थकबाकीदाराला सोसायटीच्या संचालक मंडळावर बसता येत नाही.

तुम्ही हे माझ्यापेक्षा चांगलं जाणता, दुधाचं माप घेताना रोज ऐकत असाल. मग ते कादंबरीत का नाही? कुणाची सोयाबीन विकायची राहिलीय, कुणाच्या ऊसबिलाचा हप्ता अडकलाय, कोण पोरीच्या लग्नात वाकलाय, हे सगळं गावात एका माणसाच्या वहीत लिहिलेलं असतं. तुमच्या मामाला कपट करायची गरजच नाही. थोरला चुलतभाऊ ३१ मार्चला दुपारी पैसे घेऊन येतो. मामा त्याला चहा पाजतो, खुर्ची देतो, घरच्यांची चौकशी करतो आणि म्हणतो, ‘शिक्का बँकेत राहिलाय रे, उद्या ये.’ दुसऱ्या दिवशी पैसे भरून घेतो. पावतीवर खरी तारीख टाकतो. कुठे खाडाखोड नाही. पुढे उमेदवारी अर्जांच्या छाननीला तीच तारीख बाहेर येते.

‘उद्या ये.’ हे त्याचे फासे. आणि बघा, शकुनीला हे करता आलं नसतं. शकुनीला सभा लागते, डाव लागतो, बघणारे लागतात. तुमच्या मामाला रिकामं ऑफिस आणि एक कप चहा पुरतो.

हे काम थोरामोठ्यांनीही असंच केलंय. शेक्सपियरच्या ‘ऑथेल्लो’वरून देवलांनी ‘झुंझारराव’ नाटक केलं, त्यामुळे आपल्या रंगभूमीला ऑथेल्लो आणि त्याचे कान भरणारा खलनायक इयागो जुने ओळखीचे, म्हणून इयागोचंच सांगते. शेक्सपियरला तो आयता मिळाला होता. सिंथिओ नावाच्या इटालियन लेखकाच्या १५६५ सालच्या कथासंग्रहात ही गोष्ट आहे. त्यातल्या खलनायकाला नावसुद्धा नाही, नुसता ‘निशाणबरदार’, सैन्याचं निशाण धरणारा. तो सेनापतीच्या बायकोच्या, डिस्डेमोनाच्या, प्रेमात पडतो, ती लक्ष देत नाही, म्हणून सूड. तिच्यावर नवऱ्याचा संशय यावा म्हणून तो तिचा रुमाल चोरतो, तो प्रसंग तर अंगावर काटा आणतो : त्याची तीन वर्षांची मुलगी डिस्डेमोनाच्या कडेवर आहे, ती बाई पोरीला खेळवतेय, आणि हा बाप तेवढ्यात तिच्या कमरेचा रुमाल काढून घेतो.

तुम्ही-मी असतो तर हा प्रसंग सोडला नसता. शेक्सपियरनं सोडला. ते एकतर्फी प्रेम इयागोच्या तोंडी जाता जाता एका उल्लेखापुरतं ठेवलं, मुलगी काढली, आणि रुमाल इयागोच्या बायकोला, एमिलियाला, उचलायला लावला. सिंथिओच्या गोष्टीत निशाणबरदाराच्या बायकोला सगळं ठाऊक असतं, पण नवऱ्याच्या भीतीनं ती गप्प राहते. शेक्सपियरच्या एमिलियाला रुमालाचं पुढे काय होणार हे ठाऊक नसतं, आणि शेवटी कळतं तेव्हा ती गप्प राहत नाही. नवरा तिला भोसकतो, पण तोवर ती बोलून गेलेली असते. इयागो बुडतो तो बायकोच्या तोंडामुळे. म्हणजे खलनायक नवा करताना शेक्सपियरनं त्याच्या शेजारच्या बाईलाही बदललं, आणि तिच्यामुळे त्याचा अंत सिंथिओपेक्षा निराळा झाला.

हे लक्षात ठेवा. खलनायक एकटा बदलत नाही.

कॉलेजात असताना मी एका एकांकिकेत सावकार लिहिला होता. तेव्हा गाजत असलेल्या एका सिनेमातल्या खलनायकाची झेरॉक्स, फक्त धोतर नेसवलेलं. तालमीत त्याच्या बायकोचं काम करणाऱ्या मुलीनं विचारलं, ‘मी ह्याला अहो म्हणायचं की अरे?’ मला उत्तर देता येईना. चाळीस पानं लिहिली होती मी त्याच्यावर, आणि त्याची बायको त्याला काय म्हणून हाक मारते ते मला माहीत नव्हतं. ते काम शेवटी तसंच झालं. परीक्षकांनी नेपथ्याचं कौतुक केलं.

तेव्हापासून मी पहिलं काम हे करते. कागदावर मध्ये त्या माणसाचं नाव आणि भोवती, त्याला कोण काय म्हणतं ते. तुमच्या कादंबरीत भाचा त्याला ‘मामा’ म्हणतो, ठीक. पण चुलतभाऊ ‘मामा’, पाटील ‘मामा’, बँकेचा तपासणी अधिकारी ‘मामा’, चहावाला ‘मामा’? सगळ्या गावाचा मामा केलात तर शकुनी आठवणारच. मराठीत हा शब्द आधीच गमतीचा आहे. झुकझुक गाडीतून ज्याच्या गावाला जायचं तोही मामा, लग्नात नवरीला मांडवात घेऊन येतो तोही मामा, आणि फसवलं तर ‘मामा बनवलं’. तुमच्या माणसाला बहीण ‘शंकऱ्या’ म्हणू दे. मेहुणे पाटील नावानं हाकच मारत नाहीत, नुसतं ‘ओ’ म्हणतात, असं असू शकतं. थकबाकीदार ‘सचिवसाहेब’. तपासणी अधिकारी आडनावानं. भाचा तेवढा मामा म्हणतो, आणि तेही काम असलं की. एवढ्यानं तुमच्या लक्षात येईल की या माणसाला घरात मान नाही आणि ऑफिसात आहे. शकुनीचं उलटं. शकुनीला मान होता, गांधारचं राज्य होतं.

तुमच्या मामाकडे काय आहे? बहिणीच्या लग्नानंतर तिच्या गावी आला, पाटलांच्या शब्दावर चिकटला, पंचवीस वर्षं झाली. हे तुम्हीच दुसऱ्या प्रकरणात लिहिलंय, आणि लिहून विसरून गेलायत. म्हणजे या गावात त्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही. सगळ्या गावाचे सातबारे तोंडपाठ असलेल्या माणसाचा स्वतःचा सातबारा नाही! जमीन नाही म्हणून तो शेतकरी सभासद नाही, त्याचा पोरगाही नाही. पोरगा आहे ना त्याला? सहा प्रकरणांत कुठे दिसला नाही. शकुनीला उलूक होता. तुमच्या मामाला द्या एक. भाच्यापेक्षा शंभर पटींनी हुशार, हिशेबाला पक्का, ऑफिसात बापाला मदत करणारा, आणि ज्या खुर्चीसाठी बाप भाच्याला तयार करतोय त्या खुर्चीला या जन्मी पात्र नसणारा. मग भाच्यासाठी मामा एवढं का करतो, हा प्रश्न जरा दुखरा होईल. आता तो भाच्याचं भलं करतोय की ज्या घरानं त्याला कायम ‘ओ’ म्हटलं त्याचा हिशेब चुकता करतोय, हे त्यालाही नीट सांगता येऊ नये. तुम्हालाही नाही आलं तर चालेल.

मित्र हसले ते वाया घालवू नका. गावात अशा माणसाला कुणीतरी शकुनी म्हणतोच. तुमच्या पारावरच्या एखाद्या टारगटाला म्हणू दे. मामाच्या कानावर जाऊ दे. तो चिडणार नाही. वहीतून मान वर न काढता म्हणेल, ‘शकुनीला निदान गांधार तरी होतं.’ वाचकाच्या मनातला शब्द तुम्हीच आधी उच्चारलात की तो शोधत बसत नाही, आणि त्या एका उत्तरात दोघांमधला फरकही कळतो. हे वाक्य हवं तर घ्या, माझी परवानगी आहे.

पत्ते, लंगडणं, खोकल्यासारखं हसणं हे सगळं काढा. चर्चा नको.

आता केसचं. मी वकील नाही, पण तुमच्या बाबतीत झोप उडवून घ्यावी असं काही दिसत नाही. महाभारत कुणा एकाच्या मालकीचं नाही. मालिकेतले संवाद, तिनं रचलेले खास प्रसंग जसेच्या तसे उचलू नका, एवढं पुरे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये एका निकालात हे स्पष्ट केलं होतं. आर. जी. आनंद या नाटककाराचं म्हणणं होतं की ‘न्यू दिल्ली’ हा सिनेमा आपल्या ‘हम हिंदुस्तानी’ नाटकावरून घेतला. न्यायालयानं म्हटलं, कल्पनेवर, विषयावर, कथासूत्रावर कुणाची मालकी नसते. ती कल्पना ज्या रूपात मांडली त्या मांडणीवर असते. नाटककार हरले.

नुसती नावं बदलून मात्र सुटका होत नाही. १९२२ मध्ये जर्मनीत ‘ड्रॅक्युला’ या रक्तपिपासू पिशाच्चाच्या कादंबरीवर परवानगी न घेता मूकपट निघाला, ‘नॉस्फेराटू’. काउंट ड्रॅक्युलाचा काउंट ऑर्लॉक केला, लंडनच्या जागी जर्मन गाव घेतलं. कादंबरीकार ब्रॅम स्टोकरच्या विधवेनं दावा लावला, आणि १९२५ मध्ये कोर्टानं सगळ्या प्रती नष्ट करायला सांगितल्या. काही वाचल्या म्हणून आपल्याला तो बघायला मिळतो. गंमत अशी की ऑर्लॉक आज आठवतो तो नावामुळे नाहीच. उंदरासारखे दात, त्याच्यासोबत येणारे उंदीर आणि प्लेग, आणि पहाटेच्या उन्हात त्याचं विरून जाणं. कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाढवळ्या लंडनमध्ये हिंडतो, शक्ती तेवढी कमी होते. त्याला मारतात ते सुऱ्यांनी. उन्हानं मरणारं पिशाच्च ही त्या मूकपटाची भर, आणि पुढे सिनेमातल्या कितीतरी पिशाच्चांनी तो नियम निमूट पाळला. कायद्याच्या नजरेत चोरी ठरली ती ठरलीच, पण ऑर्लॉक निराळा झाला तो त्या उन्हामुळे.

तुम्हाला त्रास झालाच तर तो शकुनीकडून होणार नाही, शेजारच्या गावच्या सचिवाकडून होईल. मामा एकदा खऱ्या ऑफिसात बसला, ‘उद्या ये’ म्हणाला, की वाचणारा विचारणार, हा आपल्याकडचा कोण? खाडिलकरांना १९०७ मध्ये नेमकं हेच हवं होतं. ‘कीचकवधा’तला कीचक बघताना प्रेक्षकांना माजी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन दिसावा अशीच त्यांची मांडणी होती. प्रेक्षकांना तो दिसला, सरकारलाही दिसला, आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. त्यांनी पुराणातल्या खलनायकात जिवंत माणूस बसवला. तुम्हाला ते नकोय. तेव्हा ओळखीच्या एकाच सचिवाचा चष्मा, गाडी, घरातली भांडणं असं सगळं उचलू नका. एकाचा चष्मा घ्या, दुसऱ्याची गाडी. आणि भांडणं तुमच्याच घरातली घ्या, ती जास्त खरी येतात.

आता काळा चष्मा.

तुम्ही तो गांधारीची पट्टी लपवायला घातलात, आणि नकळत फार मोठी गोष्ट करून बसलात. गांधारीनं डोळे बांधले. तुमच्या बाईचे डोळे उघडले! मोतीबिंदू काढल्यावर माणसं काय सांगतात ते आठवा : निळा रंग इतका निळा असतो हे विसरलो होतो, भिंतीवर इतके डाग आहेत हे माहीतच नव्हतं. या बाईला गेली कित्येक वर्षं भाऊ कागदावर बोट ठेवायचा आणि ती तिथं सही करायची. सातवी शिकलेली आहे ती, तुम्हीच लिहिलंय. तिला वाचता येत होतं, दिसत नव्हतं. सचिवानं गावातल्या एकूण एक माणसाची गरज वहीत मांडून ठेवलीय, पण बहिणीच्या ऑपरेशनची तारीख त्याच्या हिशेबात नाही. तो स्वतः तिला कराडला घेऊन गेला होता, रिक्षाचे पैसेही त्यानंच दिले होते, आणि तरी ती त्याच्या हिशेबात नाही.

सातवं प्रकरण तिच्यापासून सुरू करा. संध्याकाळची वेळ, सोप्यात दिवा लागलाय, भाऊ नेहमीसारखा कागद पुढे करतो, ‘ताई, इथं.’ ती चष्मा काढून पदराला पुसते आणि म्हणते, ‘थांब, वाचते.’

हे प्रकरण झालं की मला पाठवा. आणि त्याचे पाय सरळ करून टाका, दोन्ही.